आयुष्मान भव, सर्व्हो!

माणूस किती वर्षं जगणार, हा प्रश्न ऋषिमुनींनी देवावर सोपवला आणि विमा कंपन्यांनी तक्त्यावर. मी नोकरीची तेहेतीस वर्षं तक्त्याच्या पक्षात काढली. समोर धडधाकट माणूस येऊन बसला, की त्याच्या चेहऱ्याकडे न बघता जन्मतारखेकडे बघायचं आणि मनातल्या मनात त्याची उरलेली वर्षं मोजायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा जिलबी घेतली, की त्यांचा हप्ता वाढवायला माझा हात अजून शिवशिवतो.

तेव्हा मनुष्यप्राण्याच्या आयुष्याबद्दल मला कुणी शिकवायला नको. पण मध्यंतरी एका भलत्याच प्राण्याचं आयुष्य माझ्या गळ्यात पडलं. लांबी चाळीस मिलिमीटर, रुंदी वीस मिलिमीटर, उंची लांबीहून किंचित कमी. वर्ण काळा. वजन एका बेसनाच्या लाडवाइतकं. शेपटीच्या जागी तीन वायरी. नाव सर्व्हो. मुक्काम रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या मोटारीत, पुढच्या चाकांच्या जवळपास. व्यवसाय चाकं वळवणे. आणि आयुष्य? इथे मात्र सगळे गप्प. खोक्यावर त्याचं बळ छापलेलं असतं, वेग छापलेला असतो, वजन छापलेलं असतं. पण हा किती दिवस जगेल याविषयी अक्षर नाही. तेहेतीस वर्षं विमा खात्यात काढलेल्या माणसाला ही गोष्ट सहन होणं शक्यच नव्हतं.

हे सगळं सुरू झालं आमच्या भाच्यामुळे. माझी धाकटी बहीण सुमी आणि तिचे यजमान दिलीपराव बदली होऊन नागपूरहून पुण्याला आले, ते आमच्याच सोसायटीत, मागच्या इमारतीत. त्यांचा निनाद चौदा वर्षांचा. नागपुरात ज्याच्या तोंडाची टकळी थांबत नव्हती, तो मुलगा पुण्यात आल्यावर एकदम मुका झाला. पुण्यातली माणसं वाईट असतात असं नाही. पण इथे प्रत्येकाचा मित्रांचा कोटा पहिलीच्या वर्गातच भरलेला असतो. पोरगं शाळेतून यायचं, दप्तर टाकायचं आणि गॅलरीत उभं राहायचं. दिलीपराव म्हणायचे, “होईल सवय.” सुमी काही म्हणायची नाही. ती पोळ्या लाटताना उगाच नाक ओढायची.

अशात एका रविवारी निनादला गॅलरीतून दिसलं, की सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर पाच-सहा पोरं फक्कीने रेघा आखून रिमोटच्या मोटारी पळवताहेत. दोन रविवार तो नुसता वरून बघत राहिला. तिसऱ्या रविवारी खाली गेला आणि लांब उभा राहिला. चौथ्या रविवारी कुणाची तरी उलटी पडलेली मोटार त्याने सरळ करून दिली. एप्रिलमध्ये त्याचा वाढदिवस आला तेव्हा दिलीपरावांनी कुरकुर करत एक सेकंडहँड बग्गी घेऊन दिली. बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे; खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची, फताड्या चाकांची, विजेवर पळणारी. त्या रविवारी दुपारी सुमीचा फोन आला.

“दादा, आज तो जेवताना बोलत होता.”

“काय बोलत होता?”

“ते काही कळलं नाही रे. पण बोलत होता!”

आणि बरोबर तिसऱ्या रविवारी बग्गीने वळायचं नाकारलं. मोटर पळत होती, मागची चाकं फिरत होती, गाडी नाकासमोर जात होती. मध्यमवर्गीय माणसात हा गुण मानला जातो; शर्यतीच्या गाडीत नाही. सर्व्हो गेला होता.

ह्या मोटारी म्हणजे खेळणी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो, तेव्हा निनादने मला अर्धा तास इतिहास ऐकवला. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओवर चालणारी मोटार काढली, ती पोर्शे ९३४ ची एक-बारांश प्रतिकृती. ती हुबेहूब व्हावी म्हणून खरी पोर्शे विकत घेऊन तिचे सगळे सांधे सुटे केले होते म्हणे. आमच्याकडे घड्याळ उघडलं तरी घरात बोलणी बसतात. पुढे १९८५ साली अमेरिकेत डेल मार इथे अशा एक-दशांश मापाच्या, मातीत पळणाऱ्या विजेच्या मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्या काळी गाडीत साधारण दोन सर्व्हो असत. एक चाकं वळवायला आणि दुसरा वेगाचा यांत्रिक स्विच इकडून तिकडे सरकवायला. मग इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आले आणि विजेच्या गाड्यांतल्या दुसऱ्या सर्व्होला सक्तीची निवृत्ती मिळाली. पहिला मात्र अजून कामावर आहे. वेग काय, वायरीतून कमीजास्त करता येतो. चाक वळवायला शेवटी कुणीतरी दांडी ओढावीच लागते. कुठल्याही कचेरीत असा एक माणूस असतोच, की ज्याच्यावाचून चालत नाही आणि म्हणूनच ज्याला बढती मिळत नाही.

नवा सर्व्हो आणायला आम्ही मामा-भाचे बुधवार पेठेत गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची जी दाटी आहे, तिथे इंजिनिअरिंगच्या पोरांमुळे सर्व्होला बरी मागणी असते. यंत्रमानवाचा हात हलवायलाही हाच प्राणी लागतो. दुकानदाराने काचेवर दोन खोकी ठेवली. एक तीन-साडेतीनशेचं, एक काही हजारांचं.

“ह्या दोघांत फरक काय?” मी विचारलं.

“किमतीचा,” दुकानदार म्हणाले.

“नाही, म्हणजे टिकण्याच्या दृष्टीने?”

“ते तुम्ही कसं वापरता त्यावर.”

“ह्या स्वस्ताची गॅरंटी काय?”

“चालवून दाखवतो. पायरी उतरलात की तुमचं नशीब.”

पुण्यात ह्याहून प्रेमळ उत्तर मिळत नाही, म्हणून आम्ही स्वस्तातला घेतला आणि पायरी उतरलो.

घरी आल्यावर मी मृत सर्व्होचं शवविच्छेदन करायला बसलो. “जेवायच्या टेबलावर मेलेलं काही आणायचं नाही,” असं आमच्या हिने बजावल्यामुळे गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. तळाचे चार लांब स्क्रू काढले, की डबीचे तीन मजले वेगळे होतात. वरच्या मजल्यावर एकमेकांत दात रोवून बसलेली चार-पाच चक्रं. मधल्यात एक चिमुकली मोटर आणि तिच्या शेजारी एक पोटेन्शिओमीटर. हा पोटेन्शिओमीटर म्हणजे आपल्या जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाचा सख्खा भाऊ. तळमजल्यावर इलेक्ट्रॉनिक्सची पट्टी. बस्स, एवढाच संसार.

पण काम बघा. रिमोटवरचं चाक तुम्ही फिरवलंत, की गाडीतला रिसीव्हर सर्व्होला विजेचे ठोके पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर सरळ बघ. एकाकडे झुकला तर ह्या बाजूला वळ, दोनाकडे झुकला तर त्या बाजूला. आणि हे ठोके साध्या सर्व्होला येतात सेकंदाला पन्नास. म्हणजे साहेब सेकंदाला पन्नास वेळा केबिनमधून ओरडतोय, “कुठे आहात? कुठे असायला पाहिजे?” सर्व्हो प्रत्येक वेळी पोटेन्शिओमीटरला विचारतो, “मी आहे कुठे?” आणि फरक असेल तेवढी मोटर फिरवून जागेवर जातो. पाच मिनिटांच्या शर्यतीत हे हुकूम होतात पंधरा हजार. मला तेहेतीस वर्षांत एकूण इतके हुकूम आले नसतील, आणि आले त्यातले निम्मे मी दुसऱ्या टेबलाकडे वर्ग केले. सर्व्होला ती सोय नाही.

पहिल्याच्या मृत्यूचं कारण डोळ्यांना दिसत होतं. नायलॉनच्या एका चक्राचे तीन दात सफाचट. गाडी विटेवर आदळली, चाकाला मार बसला, चाकाने तो दांडीला दिला, दांडीने सर्व्होला, आणि सर्व्होच्या पोटात सगळ्यांत अशक्त जो कोण होता त्याने दात गमावले. मी जुन्या सवयीने एक वही काढली, रेघा मारल्या आणि रकाने आखले. जन्म, मृत्यू, वय, मृत्यूचं कारण. पहिल्या ओळीत लिहिलं, “वय तीन रविवार. अपघात. दंतक्षय.”

दुसरा सर्व्हो मे महिन्यात गेला. त्याचे दात शाबूत होते, पण डबी उघडल्याबरोबर जळका वास आला. हे प्रकरण जास्त गहन होतं. गाडीची चाकं एका मर्यादेपलीकडे वळत नाहीत. पुढे प्लॅस्टिकचा अडसर असतो. सर्व्होला मात्र हुकूम होता आणखी वळण्याचा. तो बिचारा अडसराला डोकं लावून ढकलत राहिला. आता मोटरची गंमत अशी, की ती फिरते तेव्हा तापते त्याहून, फिरायची इच्छा असून फिरू दिलं नाही तेव्हा फार जास्त तापते. अडकलेली मोटर सगळ्यांत जास्त वीज खाते आणि त्या विजेची उष्णता होऊन स्वतःच जळते. वहीत मी “वय चार रविवार. घुसमट” असं लिहिलं आणि थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या खात्यात ह्या कारणाने गेलेले दोघे-तिघे मला आठवले.

तिसरा पहिल्या पावसात बुडाला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्वस्त डबीच्या मजल्यांमधल्या फटींतून आणि वरच्या दांड्याच्या भोकातून पाणी आत जातं, पट्टीवर पसरतं आणि सर्व्हो आधी वेड्यासारखा थरथरतो, मग शांत होतो. वय दोन रविवार. बालमृत्यू.

एव्हाना माझ्या वहीची कीर्ती प्लॉटवर पसरली होती. पोरं आपापले मेलेले सर्व्हो कागदात बांधून माझ्याकडे आणू लागली. “आजोबा, ह्याची नोंद करा ना.” मी बिनपगारी मृत्यू नोंदणी अधिकारी झालो. त्यात मला म्हातारपणाने गेलेले सर्व्होही बघायला मिळाले. एकाच्या पोटेन्शिओमीटरचा आतला पट्टा नेमका मध्यावर झिजला होता. गाडी जास्त वेळ सरळ जाते आणि सगळी वळवावळव मध्याच्या अलीकडे-पलीकडे चालते, म्हणून झीज तिथेच. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना जशी खरखर येते, तसा हा सर्व्हो सरळ बघायला सांगितलं की डावी-उजवीकडे मान हलवायचा. त्याला सरळ म्हणजे कुठे हेच आठवत नव्हतं. दुसऱ्या एकाच्या वरच्या दांड्याला बेअरिंगऐवजी नुसतं प्लॅस्टिकचं भोक होतं, ते झिजून मोठं झालं होतं. दांडा आत खुळखुळत होता. चालत होता, पण म्हातारबुवांच्या कवळीसारखा, बोलणं एकीकडे आणि दात एकीकडे.

दिलीपरावांना ह्या संशोधनाचं कौतुक नव्हतं. जुलैच्या एका रात्री जेवताना त्यांनी निकाल दिला.

“तीन महिन्यांत तीन. आता हा चौथा. दिवाळीपर्यंत टिकला तर ठीक. मध्ये गेला, तर गाडी माळ्यावर. पुन्हा विषय नको.”

“अहो, पण...” सुमी म्हणाली.

“पण नाही आणि बीण नाही. माझ्या स्कूटरचं हँडल सोळा वर्षं टिकलंय.”

दिलीपराव कंजूष नाहीत. नव्या ब्लॉकचा हप्ता, क्लासची फी, नागपूरला आईचं औषधपाणी. त्या माणसाचा स्वतःचाच एन्ड पॉइंट आला होता. निनाद काही बोलला नाही. नुसता ताटाकडे बघत राहिला. नागपूरहून आल्यावर जसा बघायचा तसाच. तेव्हा मला कळलं, की प्रश्न साडेतीनशे रुपयांच्या डबीचा नाही. त्या डबीच्या दांड्याला ह्या पोराचे सगळे रविवार बांधलेले आहेत. सर्व्हो गेला तर गाडी जाईल, गाडी गेली तर प्लॉट जाईल, आणि पुन्हा ती गॅलरी.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. तीन महिन्यांच्या नोंदी वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या वहीत कामाने मेलेला असा सर्व्हो औषधालाही नव्हता. वळवण्याच्या कामाने कुणी मरत नाही. मरतात ते बाहेरून बसलेल्या धक्क्यांनी, नको तिथे ढकलायला लावल्याने, नको ते प्यायला घातल्याने. आणि म्हातारपण येतं तेही कायम एकाच जागी घासून. म्हणजे सर्व्होचं आयुष्य सर्व्होच्या हातात फारसं नसतंच. ते त्याच्या सासरच्या माणसांवर अवलंबून असतं.

मग पथ्यपाणी सुरू झालं. पहिली गोष्ट बसवण्याची. सर्व्होच्या दांड्यावर बारीक दात असतात आणि त्यावर हॉर्न नावाचा हात बसतो. ह्या दातांतही घराणी आहेत. फुताबा घराण्याचे पंचवीस, हायटेकचे चोवीस, सान्वाचे तेवीस. चोविसाचा हात पंचविसावर जरा जोर लावला तर बसल्यासारखा वाटतो, आणि मग प्रत्येक वळणावर एकेक दात भरडत जातो. पत्रिका नीट न बघता जमवलेल्या लग्नासारखं. म्हणून दात मोजूनच हात घेतला. तोही वीज चालू करून, सर्व्होला आधी सरळ बघायला लावून, मग बसवला. म्हणजे डावीकडे जेवढी मोकळीक, तेवढीच उजवीकडे.

दुसरी गोष्ट एन्ड पॉइंटची. रिमोटमध्ये अशी सोय असते, की चाक कितीही फिरवलं तरी सर्व्होला ठरावीक मर्यादेपलीकडे हुकूमच जाऊ नये. आम्ही गाडी पाटावर ठेवून चाकं हळूहळू वळवली. अडसराला टेकल्यावर सर्व्हो “ऊंऽऽ” असा कण्हतो. कण्हणं थांबेल इतकी मर्यादा मागे घेतली. नोकरशाहीत ही सोय असती, तर अर्धी हृदयविकाराची प्रकरणं माझ्या टेबलावर आलीच नसती.

तिसरी गोष्ट विजेची. स्वस्त सर्व्होच्या पाठीवर बहुधा ४.८ ते ६ व्होल्ट लिहिलेलं असतं. गाडीची लिथियम पॉलिमर बॅटरी मात्र ७.४ ची, आणि पूर्ण भरली की ८.४ ची. ती थेट जोडली, तर सर्व्हो दोन रविवार तडफदारपणे पळतो आणि तिसऱ्या रविवारी निवर्ततो. स्पीड कंट्रोलरमधून येणाऱ्या बेताच्या विजेवर त्याला ठेवलं. पोट भरेल इतकंच, पंगत नाही.

चौथी गोष्ट पावसाची. डबीच्या फटींवर सिलिकॉनचा पातळ हात फिरवला, वरच्या दांड्याच्या बुडाशी ग्रीस भरलं, आणि रिसीव्हरला फुग्यात घालून फुग्याचं तोंड वायरींसकट बांधलं. फुगा गुलाबी होता. प्लॉटवर त्याचं बारसंही झालं, पण ते नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व्हो-सेव्हर. हा एक स्प्रिंगवाला हात असतो. सर्व्हो आणि चाकं ह्यांच्यामध्ये उभा राहतो. चाकाला धक्का बसला, की स्वतः वाकतो, धक्का जिरवतो, पुन्हा सरळ होतो, आणि आत सर्व्होला काही पत्ता लागू देत नाही. प्रत्येक एकत्र कुटुंबात अशी एक आत्याबाई असायची. दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि इकडचं तिकडे पोचवायची नाही. तिच्या माघारी घराचे दात पडायला लागले, की लोकांना तिची किंमत कळायची. मात्र स्प्रिंग फार मऊ असून चालत नाही. मग सर्व्हो वळतो, आत्याबाईच वाकते आणि चाकं सरळच राहतात. फार कडक असली, तर ती असून नसल्यासारखी. आम्ही तीन संध्याकाळ तिचा स्वभाव जुळवण्यात घालवल्या.

एवढं करून आमचा सर्व्हो साधाच होता. फुताबाचा एस-३००३ हा साध्या सर्व्होंमधला मोठा नामांकित. त्याचंही कागदावरचं बळ ४.८ व्होल्टवर ३.२ किलो-सेंटिमीटर. म्हणजे दांड्यापासून एक सेंटिमीटरवर जेमतेम सव्वातीन किलो पेलणार, दोन सेंटिमीटरवर त्याच्या निम्मे. आमचा तर अनामिक कुळातला. प्लॉटवर एका मुलाकडे मात्र सहा हजारांचा सर्व्हो होता. धातूची चक्रं, बेअरिंगं, वीस किलोचं बळ. त्याने सेव्हर काढून टाकला होता. शर्यतीतले पट्टीचे लोक काढतातच. त्याशिवाय चाकाला हाताची नेमकी खबर लागत नाही. ऑगस्टमध्ये त्याची गाडी दगडावर आदळली. सर्व्होला ओरखडाही नाही. पण चाक जिथे अडकवलेलं असतं तो सांधा मोडला आणि वळणाची दांडी वाकली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पोरगं रडकुंडीला आलं.

“आजोबा, एवढा महाग सर्व्हो घेऊन काय उपयोग?”

मी म्हटलं, “अरे, धक्का बसला की तो कुठेतरी जाणारच. सर्व्होने सोसला नाही, तर दांडीने सोसायचा. दांडी लोखंडी केलीस, तर सांध्याने सोसायचा. काहीच मोडणार नाही अशी गाडी नसते. काय मोडू द्यायचं, एवढंच आपल्या हातात.”

घरातला फ्यूज जळतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो. पण तो जळतो म्हणून पंखा वाचतो. स्वस्त सर्व्होचं नायलॉनचं चक्र हा एक फ्यूजच. फक्त फ्यूज दर रविवारी जळत असेल, तर फ्यूज बदलण्याआधी घरात काय चाललंय ते बघावं. हे मी त्या पोराला सांगितलं आणि ते त्याला पटलंही असतं, पण तेवढ्यात निनाद मध्येच म्हणाला, “ए, तू धडकायच्या आधी थ्रॉटल सोडतच नाहीस. मी दाखवू?” आणि दोघं गुडघ्यांवर बसून एका गाडीवर वाकले. त्या दोन डोक्यांकडे बघत मी वही मिटली.

कारण खरं औषध तेच होतं. बाकी सगळं पथ्य. निनाद अडकलेली गाडी जागच्या जागी चाकं वळवून सोडवायचा प्रयत्न करीत नसे. धावत जाऊन हाताने उचलत असे. कोपरा कापायच्या मोहात विटेला घासत नसे. आदळणार असं दिसलं, की आधी वेग सोडत असे. सुरुवातीला तो दर शर्यतीत शेवटून पहिला यायचा. पण सप्टेंबरात काय व्हायला लागलं, की सहा गाड्यांतली एक उलटायची, एकीचा सर्व्हो जायचा, एकीची दांडी वाकायची. आणि निनाद कुणालाही मागे न टाकता तिसरा यायचा. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात जसा तिसरा येतो, अगदी तसाच. पुढची माणसं आपोआप कमी होतात.

गणपतीत सर्व्होला एक सर्दी झाली. तो उजवीकडे वळताना कण्हू लागला. त्या रात्री निनाद जेवला नाही. मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, डबीचे चार स्क्रू काढले. चक्रांच्या फटीत वाळूचा एक कण होता. जुन्या टूथब्रशने चक्रं पुसली, थेंबभर ग्रीस लावलं, मजले जोडले. वीज दिल्याबरोबर सर्व्हो डावीकडे गेला, उजवीकडे गेला आणि मध्यावर येऊन निमूट उभा राहिला. दिलीपराव दारात उभे होते. ते कधी आले, मला कळलं नव्हतं.

“वाचला का?” त्यांनी विचारलं.

“वाचला.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि लगेच घसा खाकरून, “नाही, म्हणजे, अट ती अटच आहे,” असंही म्हणाले.

आश्विन संपत आला. प्लॉटवरचा चिखल वाळला, पुन्हा फक्कीच्या रेघा दिसू लागल्या. निनादला आता पुण्यातलं सगळं नावं ठेवण्याइतपत आवडू लागलं होतं. सुमीचा फोन आला तर तिला बोलायला फुरसत नसे. मागून पाच-सहा पोरांचा गोंगाट ऐकू यायचा. “दादा, नंतर करते रे, ह्यांचं खाणं चाललंय.” आणि चौथा सर्व्हो चालतच होता. वहीत त्याच्या ओळीत जन्म लिहिलेला, पुढचे तिन्ही रकाने मोकळे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. दिलीपरावांनी खिशातून एक खोकं काढलं आणि काही न बोलता निनादच्या हातात ठेवलं. धातूची चक्रं, बेअरिंगं, पाणी आत न जाणारी डबी. काही हजारांचा ऐवज. बुधवार पेठेत स्वतः जाऊन आणला होता. गॅरंटी विचारली का, असं मी विचारलं, तेव्हा ते नुसतं “हं” म्हणाले. म्हणजे विचारली होती.

निनादने खोकं उघडलं. सर्व्हो बाहेर काढला, दांडा बोटाने चाचपला, दात मोजले, पंचवीस भरले, आणि परत खोक्यात ठेवून झाकण लावलं.

“अरे, बसव की गाडीत,” दिलीपराव म्हणाले.

“नको बाबा. जुना अजून चालतोय ना. हा चांगला आहे, हा ठेवून देऊ. कधी मोठी शर्यत असली तर काढू.”

तो स्टूल घेऊन कपाटाशी गेला आणि काचेच्या कपाटात, सुमीच्या लग्नातल्या, आजवर एकदाही न वापरलेल्या बोन चायनाच्या सेटशेजारी त्याने ते खोकं नीट लावून ठेवलं. आमची ही हळूच मला म्हणाली, “अगदी मामावर गेलाय हो.”

दोन दिवाळ्या झाल्या त्याला. जुना सर्व्हो अधूनमधून कण्हतो, मग मी वर्तमानपत्र पसरतो. नव्याची नोंदही मी वहीत केली आहे. प्रकृती उत्तम. अंगावर ओरखडा नाही. सगळ्या वहीत इतका दीर्घायुषी सर्व्हो दुसरा होणार नाही. त्या बोन चायनाच्या सेटकडे बघता, शंभरी सहज गाठेल.